10 वाघिणी की 50?

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जाऊ लागले. सुरुवातीच्या गाड्यांना 10 वाघिणी होत्या, म्हणजे खेपेला सुमारे 5 लाख लिटर. थोड्याच दिवसांत 50 वाघिणींची गाडी आली आणि एका खेपेत 25 लाख लिटर पाणी पोहोचले. अंतर तेवढेच, खेप मोठी. जुलै 2019 मध्ये जोलारपेट्टैहून आपल्या चेन्नईला पाणी आले, तेही 50 वाघिणींतून. माझे आजोळ लातूरचे, त्यामुळे जावाच्या तासाला मला हीच गाडी आठवली.

जावातला आपला प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुवा असतो. (हा गाडी चालवत नाही, पण मालाची ने-आण करतो!) एका खेपेत किती ओळी आणायच्या, हे त्याला ‘सेटफेचसाइझ’ने सांगता येते. काहीच सांगितले नाही, तर ऑरेकलचा ड्रायव्हर साधारणपणे 10 ओळी आणतो. 10,000 ओळी हव्या असतील तर 1,000 खेपा झाल्या. एका खेपेला 5 मिलिसेकंद धरले, तरी 5 सेकंद नुसत्या प्रवासात जातात. आकडा 500 केला की खेपा उरतात 20.

मग सगळे एकदमच का आणू नये? कारण पाणी उतरवायला टाकी लागते. आपली टाकी म्हणजे संगणकाची मेमरी.

हे मी चूक करून शिकलो. प्रदर्शनासाठी मी ग्रंथालयाच्या नोंदींचा प्रोग्रॅम पोस्टग्रेस वापरून केला होता. चाचणीसाठी त्यात 2 लाख खोट्या ओळी भरल्या आणि लॅबमधल्या जुन्या संगणकावर तो ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणत बंद पडला. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर आपण न सांगता सगळ्याच ओळी एकदम आणतो. मी फेचसाइझ 500 लिहिला. पुन्हा तेच! प्रदर्शनाला दोन दिवस उरले होते. सरांनी एकच प्रश्न विचारला, “ऑटोकमिट बंद केलास का?” केला नव्हता. पोस्टग्रेसमध्ये खेपांनी ओळी आणायला कर्सर लागतो आणि तो व्यवहार चालू असेपर्यंतच टिकतो. ऑटोकमिट चालू असेल तर ड्रायव्हर आपला आकडा गुपचूप सोडून देतो, चूकही दाखवत नाही. मला याचाच राग आला. एक ओळ वाढवली आणि प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालला.

मायएसक्यूएलचा ड्रायव्हरही मुळात सगळे एकदम आणतो. तिथली युक्ती वेगळी आहे, ती त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावी.

अजून एक घोटाळा आमच्या वर्गात बऱ्याच जणांचा होतो. फेचसाइझने एकूण ओळी कमी होत नाहीत, फक्त खेपा बदलतात. ओळीच कमी हव्या असतील तर प्रश्नातच ‘व्हेअर’ची अट घालायची. माझ्या प्रोग्रॅमला खरे तर एकाच वर्गाच्या नोंदी हव्या होत्या. ती अट घातल्यावर 2 लाखांच्या जागी 340 ओळी आल्या, एकाच खेपेत.