प्लॉट पूररेषेत आहे का?

प्रश्न : कोल्हापुरात जयंती नाल्याजवळचा एक प्लॉट पसंत पडला आहे. नदी लांब आहे, पाणी येत नाही, असं एजंट सांगतो. शेजारच्या भिंतीवर मात्र पुराची खूण दिसते. इसार द्यावा का?

उत्तर : आधी झोन दाखला, मग इसार. नदी लांब असणं हा भरवसा नव्हे. पंचगंगा फुगली की पाणी जयंती नाल्यातून उलटं शहरात शिरतं, हे शाहूपुरीकरांना कुणी सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांवर गेलं.

तरीही बांधकाम परवानगी भिंतीवरच्या खुणेवर ठरत नाही. ती जलसंपदा विभागाने आखलेल्या रेषांवर ठरते. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. इथेच लोक फसतात. लाल रेषेवरच्या जागेला दर वर्षी 1 टक्का धोका असतो. 20 वर्षांच्या गृहकर्जात तो सुमारे 18 टक्के होतो. निळ्या रेषेवर तोच 56 टक्क्यांच्या आसपास जातो!

नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये नवं घर बांधता येत नाही. बाग, पार्किंग अशा मोजक्या वापरांनाच मुभा आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात परवानगी मिळू शकते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच हवं. जमीन त्या पातळीच्या दोन मीटर खाली असेल, तर स्वस्तात मिळालेला प्लॉट खांबांच्या खर्चात महाग पडतो. भराव टाकल्याने नकाशावरची रेषा सरकत नाही, शेजाऱ्याच्या दारात पाणी मात्र वाढतं.

कोकणात जागा बघणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा. तिथे उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर पोचतं ती भरतीरेषा धरतात. 2019 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर तिथून 200 मीटर ना-विकास क्षेत्र असतं.

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरून मालकी तपासता येते, बांधकामाची शक्यता नाही. म्हणून महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि पूररेषा दाखवणारा भाग नकाशा घ्यावा आणि सर्व्हेअरकडून प्लॉटची पातळी मोजून घ्यावी. विकणाऱ्याला घाईच असेल, तर इसारपत्रात एक अट लिहून घ्यावी : प्लॉट निळ्या रेषेच्या आत निघाल्यास इसाराची पूर्ण रक्कम परत.