हाड जुळले, चालणे राहिले

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ३:१-१०, इब्री १२:१२-१३

सुंदर नावाच्या दरवाजापाशी बसणाऱ्या पांगळ्याची गोष्ट शब्बाथ शाळेतील मुलांना तोंडपाठ असते. पण एक बारकावा आपण सहसा सोडून देतो. त्याची पावले व घोटे बळकट झाले, मग तो उभा राहिला, मग चालू लागला, असे लूक क्रमाने सांगतो. चाळिशी उलटलेला हा मनुष्य जन्मात कधी चालला नव्हता. म्हणजे त्याला पायांत बळ मिळाले आणि चालण्याची सवयही मिळाली. दोन्ही दाने एकाच क्षणी.

नडगीचे हाड मोडलेल्याला ही दाने निरनिराळ्या वेळी मिळतात. गुडघ्याखाली हाडे दोन. त्यांपैकी नडगीचे जाड हाड शरीराचा बहुतेक भार वाहते. ते जुळायला बहुधा तीन-चार महिने, कधी अधिकही लागतात. प्लास्टर निघते तेव्हा पोटरी वाळलेली, घोटा आखडलेला, आणि मनात पडण्याची धास्ती. मग डॉक्टर सांगतील तेवढाच भार टाकीत चालणे शिकावे लागते. एक काठी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. पुष्कळजण उलटे करतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

नेमक्या याच वेळी मंडळीच्या भेटी थांबतात. प्लास्टर असेतो प्रार्थना होतात, डबे जातात; ते निघाले की उपकारस्तुती होऊन विषय संपतो. वर कोणी विचारते, "अजून काठी? विश्वास कमी पडला काय?" हे बोलणे निर्दयपणाचे आहे. पेत्राने नुसती आज्ञा केली नाही, उजवा हात धरून उठविले. चमत्कारातही माणसाचा हात लागला.

इब्रीकरांस पत्र खचलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिले आहे, तरी दृष्टांत पायाचाच आहे : लंगडे पडलेले उखळू नये, बरे व्हावे, म्हणून वाटा सरळ करा. आपल्या मंदिराच्या पायऱ्यांना कठडा आहे काय? ज्याला गुडघे टेकता येत नाहीत, त्याच्या जागेवर भाकर व प्याला नेला जातो काय?

शिक्षकांनी हा पाठ मुलांकडून करून घ्यावा. एकाने बसावे, दुसऱ्याने हात धरून उठवावे. भार हातावर आला की उठविणाऱ्यालाही पाय रोवावे लागतात, हे त्यांना आपोआप कळेल. मग मंडळीत सध्या कोण काठीने चालते ते विचारावे, आणि त्या आठवड्यात एका संध्याकाळी त्या घरी जाऊन, त्यांच्याच चालीने, अंगणात थोडे फिरून यावे.