आधी आठवा पत्ता बघा

टॅरो शिकायला लागलं की जो तो सांगतो, डेकशी नातं जोडा, उशाशी घेऊन झोपा. मी म्हणते, आधी त्यातला आठ नंबरचा पत्ता काढून बघा. त्यावर सिंहाला आवरणारी बाई असेल तर डेक रायडर-वेट वळणाचा. तराजू आणि तलवार घेऊन बसलेली बाई असेल तर बहुधा मार्सेय वळणाचा. एवढं आमच्या मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

डेक त्यांनीच दिला, 'चार्ज केलेला' म्हणून चांगला घसघशीत भाव लावून. सोबत झेरॉक्स नोट्स. नोट्समध्ये स्वोर्ड्सची तिर्री म्हणजे काळजात घुसलेल्या तीन तलवारी, मागे पाऊस. माझ्या तिर्रीवर काळीजही नाही आणि पाऊसही नाही. दोन वाकड्या तलवारी, मधे एक सरळ, भोवती वेलबुट्टी. विचारलं तर सगळ्या वर्गादेखत म्हणाल्या, "तुझं इंट्यूशन ब्लॉक आहे गं." मग क्लिन्सिंगचं वेगळं सेशन आणि त्याची वेगळी फी.

पुढे एका मैत्रिणीकडे तिचा डेक पाहिला. तिर्रीवर काळीज, तलवारी, पाऊस, सगळं जागच्या जागी! मी पर्समधून नोट्स काढल्या आणि एकेक ओळ लावत गेले. कप्सची पंजी: काळ्या झग्यातला माणूस, पुढे सांडलेले तीन पेले, मागे उभे दोन. हुबेहूब तसंच. माझ्या पंजीवर नुसते पाच पेले आणि पानंफुलं. माझं इंट्यूशन ठणठणीत होतं. नोट्स एका डेकच्या होत्या आणि विकला होता दुसराच. नोट्समधली ती चित्रं 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट डेकसाठी पामेला कोलमन स्मिथनं काढलेली. मार्सेयच्या एक्क्यापासून दश्शीपर्यंत असे प्रसंग नसतातच. शिवाय वेट यांच्या डेकमध्ये आठवा 'जस्टिस' अकरावर गेला आणि अकरावी 'स्ट्रेंग्थ' आठवर आली.

मॅडमना दोन्ही डेकच्या पत्त्यांचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "डेक आपल्याला निवडतो." आणि संध्याकाळी मी व्हॉट्सॲप ग्रुपच्या बाहेर.

तर, पुस्तक आणि डेक एकाच वळणाचे घ्या. क्रोलीच्या थॉथ डेकमध्ये तर किंग नावाचा पत्ताच नाही. नाईट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस असतात. तो हातात घेऊन वेटच्या पुस्तकातला राजा शोधत बसाल. घरी आणल्यावर 78 पत्ते मोजा: 22 मेजर, 56 मायनर.

अर्थ पाठ करू नका. रायडर-वेट असेल तर चारही पंज्या शेजारी मांडा. वाँड्समध्ये काठ्यांची हाणामारी, कप्समध्ये सांडलवंड, स्वोर्ड्समध्ये दुसऱ्यांच्या तलवारी गोळा करून कुत्सित हसणारा, पेंटॅकल्समध्ये उजळलेल्या खिडकीखालून बर्फातून जाणारे दोन कंगाल. पाचाचा स्वभाव आपोआप कळतो. मग छक्क्या, मग सत्त्या. रोज एक पत्ता काढून आधी काय दिसतं ते वहीत लिहा, पुस्तक नंतर उघडा. उलटे पत्ते सुरुवातीला सरळ करून घ्या, कोणी काही म्हणो. धीर धरा, वगैरे वगैरे.

शुद्धीसाठी डेक मिठात पुरायला सांगतील. मुंबईच्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि पत्ते फुगतात; मग पिसायचीही सोय राहत नाही. आणि तेरावा 'डेथ' दाखवून कोणी शांती सुचवली तर रायडर-वेटच्या त्या पत्त्यावर मागे दोन मनोऱ्यांमधला सूर्य आहे, तो त्यांना दाखवा. मार्सेयचा असेल तर त्यावर बहुधा नावही छापलेलं नसतं. शांतीचे पैसे मात्र देऊ नका.