मनाचा धसका

१५ जून २०२५. मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार माणसे गेली. पुष्कळ जण जखमी झाले.

अंगाची जखम आपल्याला दिसते. आपण तिला पट्टी बांधतो. मनाची जखम दिसत नाही. असा प्रसंग ज्याने सोसला, तो पुढे पाण्याच्या आवाजानेही दचकतो. त्याला झोप लागत नाही. घडलेले पुन्हा डोळ्यांपुढे येते. आपण म्हणतो, ‘बाहेरची बाधा झाली.’ पण ही बाधा नव्हे. हा धसका आहे, आणि धसक्यावर इलाज आहे.

त्यातला एक इलाज डोळ्यांच्या हालचालीचा. १९८७ साली अमेरिकेतल्या फ्रान्सिन शापिरो बाईंना तो सुचला. तज्ज्ञ समोर बसतो. आपण तो प्रसंग मनात आणायचा. त्याच वेळी तज्ज्ञाच्या बोटामागे नजर डावी-उजवीकडे फिरवायची. मन दोन कामांत गुंतते, म्हणून आठवणीची धार बोथट होते, असे जाणकार म्हणतात. आठवण राहते, पण बोचत नाही. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही या इलाजाची शिफारस केली.

हा इलाज घरच्या घरी करू नये. शिकलेल्या तज्ज्ञाकडूनच घ्यावा. कुठे जावे कळेना, तर १४४१६ हा सरकारी नंबर फिरवा. सल्ला फुकट मिळतो. पाय मोडला तर आपण लपवतो का? मग धसका तरी का लपवावा?