विजेची मोटारगाडी : आधी चार्जिंगचा हिशेब



विजेवर चालणारी मोटारगाडी आता खेड्यापाड्यांतही दिसू लागली आहे. ऊसबिल जमा झाले की गाडी घ्यायची, असा विचार काही घरांत चालू असतो. पैसा घालण्यापूर्वी हा विषय नीट समजून घेतलेला बरा.

या बाबतीत नॉर्वे देश सर्वांच्या पुढे आहे. लोकसंख्या सुमारे 55 लाख, आणि देश स्वतः तेल विकणारा! तरीही तेथील सरकारने 1990 पासून विजेच्या गाड्यांना करात सवलती दिल्या. 2024 साली तेथे खपलेल्या दर 100 नव्या मोटारींपैकी सुमारे 89 विजेच्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विजेच्या मोटारींची एकूण संख्या पेट्रोलच्या मोटारींहून जास्त झाली. मात्र तेथेही बहुतेक लोक घरीच चार्जिंग करतात; जलद चार्जर मुख्यतः लांबच्या प्रवासात वापरतात.

याचे कारण असे. घरच्या प्लगमधून येते ती ए.सी. वीज, बॅटरीत साठते ती डी.सी. हा बदल गाडीतले छोटे यंत्र सावकाश करते. जलद चार्जरमध्ये तेच काम बाहेरचे मोठे यंत्र करते आणि डी.सी. वीज थेट बॅटरीला देते.

आता हिशेब पाहू. समजा, बॅटरी 40 युनिटची आहे. 20 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर नेण्यास 24 युनिट लागतील. घरी तासाला 3 युनिट मिळाले तर 8 तास, म्हणजे एक रात्र. जलद चार्जरवर तासाला 30 युनिट मिळाले तर 48 मिनिटे. प्रत्यक्षात थोडा वेळ जास्तच धरावा.

80 टक्क्यांनंतर मात्र वेग मंदावतो. गाडीत उसाच्या खालच्या मोळ्या झटपट बसतात, वरच्या जपून रचाव्या लागतात, तसेच हे. म्हणून वाटेत 80 टक्के झाले की पुढे निघावे.

काहीजण म्हणतात, "विहिरीवरच्या मोटारीची लाईन आहेच की, तिथंच लावू!" असे मुळीच करू नये. शेतीपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो व दुप्पट दराने आकारणी होते.

तरी सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. रोजची धाव किती किलोमीटर, ते आधी मोजावे.
2. घराचा मंजूर वीजभार तपासावा. कमी असल्यास वाढवून घ्यावा.
3. स्वतंत्र वायर व चांगले अर्थिंग जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे.
4. नेहमीच्या रस्त्यावर जलद चार्जर कोठे आहेत व युनिटचा दर काय, हे स्वतः जाऊन पाहावे. घरच्यापेक्षा तो बहुधा जास्तच असतो.

रात्री घरी वीज टिकत असेल आणि रोजची धाव बेताची असेल, तर ही गाडी परवडेल. नाहीतर घाई नको. घामाचा पैसा आहे.