उधारीची वही आणि मोठे दुकान

डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवईला निघाले. कंपनीकडून भरपूर माल उचलायचा, पैसे लवकर चुकते करायचे, की सवलत मिळते. म्हणून तिथे माल छापील किमतीपेक्षा स्वस्त. कोगनोळीच्या किराणा दुकानदाराला ते कसे जमावे? त्याचे पैसे वहीत अडकलेले! आपल्याकडचा ऊस १२ ते १८ महिन्यांचा. कारखान्याला ऊस गेल्यावर बिलाला कायद्याने १४ दिवसांची मुदत. पण तोवर घरात तेल-साखर लागतेच, ती वहीवर येते. या उधारीचे व्याज कुणी वेगळे लिहीत नाही, ते छापील किमतीतच असते. हातात रोकड आली की मात्र आपण मोठ्या दुकानाकडे वळतो, हे आम्हांला खटकते. आता घरच्या महिन्याच्या यादीत रोख आणि उधार वेगळे मांडा, मग दोन्हीकडचे भाव ताडून पाहा.