नोंद झाली, पुढे काय?

घरातला माणूस हरवला की पोलिसांत कळवायचे, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. कळवल्यानंतर काय करायचे, हे मात्र ज्याच्यावर वेळ येते त्यालाच हळूहळू उमगते. आमच्यावर ती वेळ आली. त्यातून जे कळले ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहितो आहे.

माझ्या थोरल्या चुलत्यांना, आबांना, विस्मरणाचा आजार. पुण्यात मुलाकडे असताना एका सकाळी ‘गावाकडे जाऊन येतो’ म्हणून ते बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने त्यांना रेल्वे स्थानकावर सोडल्याचे दुपारी कळले. तोवर ते कुठल्या तरी गाडीत बसून गेले होते.

एका ठाण्यात गेलो तर म्हणाले, स्थानकातून गेलेत, लोहमार्ग पोलिसांकडे जा. तिथे ऐकायला मिळाले, राहते घर आमच्या हद्दीत नाही. सल्ला दोन्हीकडे एकच : ‘वयस्कर माणूस आहे, येतील परत, 24 तास वाट बघा.’ हा 24 तासांचा नियम कोणत्याही कायद्यात नाही. उलट पहिले काही तासच सर्वांत मोलाचे असतात. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, आणि फलाटावरच्या चहावाल्याला आजचा म्हातारा आज आठवतो, आठवड्याने नाही. शेवटी चुलतभावाने लेखी अर्ज दिला आणि शिक्क्यासह पोच मागितली. तोंडी विनंती पुढे ढकलता येते, पोच दिलेला अर्ज ढकलणे जड जाते. त्यानंतर ‘मिसिंग’ दाखल झाली. तिचा क्रमांक, तारीख आणि तपास ज्यांच्याकडे आहे त्या अंमलदाराचे नाव व मोबाइल नंबर लिहून घ्या. पुढे प्रत्येक दारात पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच येतो.

हरवलेली व्यक्ती 18 वर्षांखालची असेल तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितले आहे की मूल हरवल्याच्या तक्रारीवर थेट गुन्हा नोंदवायचा आणि अपहरणाची शक्यता गृहीत धरूनच तपास करायचा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची तरतूद आहे. तेव्हा मुलाच्या बाबतीत ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून माघारी फिरू नका. 112 आणि 1098 हे दोन्ही नंबर लगेच फिरवा.

आबांची नोंद लिहून घेणाऱ्या हवालदारांचे उपकार आम्ही विसरणार नाही. नाव, वय, उंची, कपडे लिहून झाल्यावर ते ‘ओळखीची खूण’ या रकान्यापाशी अडून बसले. आम्ही म्हणालो, विशेष काही नाही. ते म्हणाले, काकूंना फोन लावा. काकूंनी क्षणात सांगितले : उजव्या मनगटाच्या आत मारुती गोंदलेला आहे आणि डाव्या पायाच्या करंगळीचे नख नाही. आबा सापडले ते या मारुतीमुळे.

हरवलेल्यांची नोंद एका ठाण्यात होते आणि सापडलेल्यांची नोंद दुसऱ्याच ठिकाणी पडून असते. आबांना गाडीत भोवळ आली, दुसऱ्या जिल्ह्यातल्या स्थानकावर उतरवून सरकारी रुग्णालयात नेले गेले. नाव विचारल्यावर त्यांनी स्वतःच्या वडिलांचे नाव सांगितले, आणि रुग्णालयाच्या दप्तरात तेच नाव चढले. आम्ही फोनवर आबांचे नाव विचारत होतो आणि ‘असा कुणी पेशंट नाही’ असे उत्तर खरेपणाने मिळत होते. यंत्रणा संगणकावर आहे, पण नाव चुकले की संगणकही दोन नोंदींची गाठ घालून देत नाही. ती गाठ घरच्यांनाच मारावी लागते. म्हणून नावाने विचारू नका. वय, अंगकाठी आणि खूण सांगून विचारा.

मोठ्या सरकारी रुग्णालयात पोलीस चौकी असते, तिथे अनोळखी रुग्णांची नोंद सापडते. समाजसेवा अधीक्षक नावाचे पद असते, त्यांना गाठा; आमची गाठ त्यांनीच घालून दिली. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांतही विचारा, कारण भरकटलेल्या माणसाला पोलीस अनेकदा तिथे पोहोचवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा बेघर, भटकणाऱ्या मनोरुग्णाची नोंद करून त्याचे घर शोधण्याची जबाबदारी पोलिसांवरच टाकली आहे. रेल्वेसाठी 139, ज्येष्ठांसाठी 14567. शवागारातही जावे लागते. ते टाळू नये. पण तिथे घरातल्या आईला किंवा बायकोला पाठवू नये, खंबीर मनाच्या दोघांनी जावे.

हरवलेल्याचा मोबाइल लागत नसला तरी सिम बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. कधीतरी तो सुरू झाला तर ठिकाण पोलिसांना मिळू शकते. आधारवरून शोधून द्या, अशी मागणी बरेच जण करतात. बोटांच्या ठशांची ती माहिती तपासासाठी मिळत नाही. मात्र सापडलेल्या मुलाला नव्या आधारसाठी नेले आणि जुनी नोंद आधीच असल्याचे निघाले, असे होऊन काही मुले घरी पोहोचली आहेत.

पत्रकावर आपला नंबर छापला की ‘माणूस आमच्याकडे आहे, गाडीभाड्याला पैसे पाठवा’ असे फोन येतात. आम्हालाही आले. अशा वेळी काळजाचे पाणी होते आणि हात पैसे पाठवायला धावतो. व्हिडिओ कॉलवर माणूस दिसल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 वर कळवा. पत्रकावर तपास अंमलदाराचा नंबरही छापा, म्हणजे निम्मे लबाड तिथेच गळतात.

एक गोष्ट जड आहे, पण सांगायला हवी. सज्ञान माणूस स्वतःच्या मनाने घर सोडून गेला असेल आणि सापडल्यावर ‘पत्ता देऊ नका’ असा जबाब त्याने दिला, तर पोलीस फक्त तो सुखरूप असल्याचे सांगतात. पत्त्यासाठी त्यांच्यामागे लागू नये. एखादी चिठ्ठी पोहोचवता येईल का, एवढे विचारावे. घरात मारहाण सोसून निघालेल्या बाईला तर हे कवच हवेच.

माणूस घरी आला की ठाण्यात जाऊन मिसिंग बंद करून घ्या, नाहीतर सापडलेला माणूस कागदावर हरवलेलाच राहतो. आणि ज्यांच्या घरात विस्मरणाचे म्हातारे माणूस आहे त्यांना हात जोडून विनंती : त्यांचा ताजा फोटो काढून ठेवा, अंगावरच्या खुणा वहीत लिहा आणि सदऱ्याच्या आतल्या बाजूला आपला फोन नंबर आजच शिवून टाका.